अस्वलमुठीची तेरावी काठी

१

मुंबईहून आलेल्या साहेबांनी खिशातून नोटा तपासायचा निळा दिवा काढला, तेव्हा मला वाटलं, चला, आता पेमेंट होतंय. मी बायकोला चहात आलं टाकायला सांगितलं.

"खिडक्या लावून घ्या," साहेब म्हणाले.

खिडक्या लावल्या. टेबलावर ओळीनं तेरा काठ्या ठेवल्या होत्या. बारा आमच्या हातच्या, एक मूळची. सगळ्यांना अस्वलाच्या डोक्याची मूठ, मुठीखाली रुंद पितळी पट्टी आणि टोकाला लोखंडी शेंबी. साहेबांनी मूळ काठीच्या मुठीवर निळा उजेड धरला, फिरवून फिरवून धरला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी बाकीच्या बारा काठ्यांवरही दिवा फिरवला.

"धनराजजी, मूळ काठी इथं नाहीच आहे."

"अहो, ही काय! मखमलीच्या पेटीतून तुमच्यासमोरच काढली."

"पाठवण्याआधी आम्ही अस्वलाच्या डाव्या कानामागे एक ठिपका लावला होता. साध्या डोळ्यांना दिसत नाही, या उजेडात हिरवा चमकतो. तो यातल्या एकाही काठीवर नाही. म्हणजे या तेराच्या तेरा नकला आहेत."

कुंता चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. चहा कोणी घेतला नाही.

माझी ओळख आता करून देतो, कारण त्या क्षणी मी स्वतःलाच ओळखत नव्हतो. मूल नावाच्या गावात माझं नाटकाच्या सामानाचं वर्कशॉप आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, त्यांच्या तलवारी, मुकुट, सिंहासनं आम्ही करतो. होळी झाली की वर्कशॉपात माश्या. म्हणून दोन हजार पाच साली मुंबईच्या कंपनीचं हे काम आलं तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले होते. 'अस्वलखिंडीचा धनी' नावाचा जुना सिनेमा होता, त्यातला दुष्ट मालगुजार ही काठी टेकत यायचा. लहानपणी तो ठकठक आवाज आला की मी बाकाखाली शिरायचो. त्या सिनेमाचे हौशी लोक म्हणे अजून आहेत आणि त्यांना हुबेहूब तशी काठी घरात हवी असते. निर्मात्याच्या घरच्यांकडून कंपनीनं हक्क घेतले आणि नकला करण्याचं लायसन्स मला दिलं.

अटी कडक होत्या. प्रत्येक ओरखडा मूळ काठीसारखा हवा. प्रत्येक नकलेच्या शेंबीखाली ठसा हवा. मूळ काठी खोलायची नाही. आणि ठरल्यापेक्षा एकही नक्कल जास्त निघाली, तर लायसन्स रद्द.

इथं तर एक नक्कल जास्त निघाली होती आणि मूळ काठी गायब होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मी रात्रीच्या गाडीनं परत जाणार. संध्याकाळपर्यंत काठी मिळाली नाही, तर मला पोलिसात जावं लागेल. नाइलाज आहे."

२

पोलिसांच्या आधी कुंतानं दामिनीबाईंना बोलावलं. दामिनी रामटेके तिची शाळेतली मैत्रीण आणि वनखात्यात राउंड ऑफिसर. जंगलातलं चोरीचं लाकूड शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणाच्या अंगणात सागाचा ओंडका सापडला की त्या तो घेऊन रान पालथं घालायच्या आणि तोडलेल्या झाडाच्या ज्या थुटावर तो बरोब्बर बसेल ते थूट शोधून काढायच्या. माणसाशी मात्र गोड बोलायच्या. चोर चहा पिता पिता कबूल व्हायचे.

त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "हे शिंगाडे कोनाचे?"

खिडकीत पानावर उकडलेले शिंगाडे होते. कुंता म्हणाली, "इस्तारीभाऊनं आनले. त्याचा बाबा तलावावर गेल्ता म्हने."

"मस्त हायेत," म्हणत दामिनीबाईंनी एक सोलला. मला राग आला. इथं माझं घर बुडायला निघालं होतं आणि बाई शिंगाडे खात होत्या!

"पेटीची किल्ली कोनापाशी राहे?"

"माह्यापाशी," कुंता म्हणाली. "पन दिवसा पेटी उघडीच राहे. माप घ्या लागे, रंग पाहा लागे."

"म्हंजे काठी बदलाले कुलूप तोडाची गरजच नोती. कोनीबी बदलू शकत होतं. पन तशी काठी कोनीबी करू शकत नाई. तुमच्याकडं अशी करनारे किती लोक हायेत?"

मी मनात मोजलं आणि मोजलेलं मला आवडलं नाही. कोरायचा इस्तारी. पितळेचं काम माझा भाचा मिथुन करायचा. रंग आणि जुनेपणा आणायची कुंता.

"तिघं," मी म्हणालो. "त्यातली एक माझी बायको."

"मंग तिच्यापासूनच सुरू करू," दामिनीबाई हसत म्हणाल्या. कुंता हसली नाही.

३

कुंताची चौकशी लवकर आटोपली. जुनेपणा आणायला ती हिरड्याचं पाणी आणि काजळी वापरायची आणि जास्तीचा डबा कोणीही घेऊ शकत होतं. फक्त जाता जाता ती एक बोलून गेली.

"इस्तारीभाऊचं मले नवल वाटे. बाकीच्या सामानाले तो दहादा माप लावते. अस्वलाच्या तोंडाले त्यानं एकदाबी माप लावलं नाई. पह्यलीच काठी अशी उतरली का मले मूळची कोनती तेच समजेना."

"हातात कला आहे त्याच्या," मी म्हणालो.

मिथुन आला तो गाल फुगवूनच. बाविशीचा पोरगा, नागपूरला जायची स्वप्नं बघणारा. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला तो चोरून फोन करत होता, हे मला एसटीडीवाल्यानं सांगितलं होतं. मी ते दामिनीबाईंच्या कानावर घातलं होतं आणि घालताना जीभ जड झाली होती, बहिणीचा पोरगा आहे शेवटी.

"काऊन बापा, त्या दुकानदारासंग काय बोलत होता?"

मिथुननं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. "नौकरी मांगत होतो. मामाले सांगतलं असतं तं मामा रडला असता."

"पितळी पट्ट्या किती केल्या?"

"बारा. अन् एक जास्तीची. ठोकताना एखादी फाटते म्हून ठेवतो नं. थे ट्रेमंधी पडून होती."

"आता कुठी हाये?"

मिथुन उठला, ट्रे उलटापालटा केला, पत्र्याचे तुकडे बाजूला सारले. ट्रेमध्ये पट्टी नव्हती.

"मी नाई घेतली," तो म्हणाला आणि एवढा मोठा पोरगा रडायला लागला. "मामा, आईची शपथ. मी नाई घेतली."

मला वाटलं, काठी गेली तर गेली, या पोराला मी हे काय करून बसलो!

४

इस्तारी शेवटी आला. पन्नाशी ओलांडलेला, ढिवराच्या म्हणजे मासेमाराच्या घरचा, असोल्याच्या तलावाकडचा. दोन वर्षं खाटेवर पडलेल्या बापाचं करून रोज बसनं यायचा, दिवसभरात दहा शब्द बोलायचा. आज तर तेही नव्हते.

"इस्तारीभाऊ, काठी कोनं बदलली असन? तुम्हाले काय वाटते?"

"मी काय सांगू बाई."

"अस्वलाचं तोंड माप न घेता कसं कोरलं?"

"हाताले येते," तो म्हणाला आणि भुशाकडे पाहत बसला.

साहेबांचं नाव श्रीहरी. ते एव्हाना अस्वस्थ होऊन येरझारा घालत होते. दामिनीबाई त्यांच्याकडे वळल्या.

"साहेब, आता तुमची पाळी. ठिपका तुमचा, दिवा तुमचा. ठिपका पुसला गेला असन तं? का लावलाच नोता? चांगल्या गिऱ्हाइकाले मूळ काठी मुंबईतच विकली अन् इथी नक्कल पाठवली, असंबी होऊ शकते."

श्रीहरींचे कान लाल झाले. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. पण त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. "काठी इथं पोचवली तेव्हा तुमच्या कुंताबाईंसमोर याच दिव्यानं तपासली होती. विचारा त्यांना."

कुंतानं मान हलवली. "हिरवं काईतरी चमकलं होतं खरं. मले वाटलं साहेब पॉलिश पाहून राह्यले."

"आणि ती शाई लाकडात मुरते. पुसायची तर तासावं लागेल."

दामिनीबाईंनी पेटीतून काढलेल्या काठीवरच्या अस्वलाचा डावा कान भिंगाखाली धरला. तासलेलं काही नव्हतं. मग त्यांनी शेंबी ठोकून सैल केली. खाली ठसा नव्हता. म्हणजे बारातली एखादी इकडेतिकडे झालेली नव्हती. ही कोणीतरी वेगळी, तेरावी केलेली होती.

त्यांनी मिथुनकडून पक्कड मागितली आणि पितळी पट्टीच्या खिळ्याला लावली.

"थांबा!" श्रीहरी ओरडले. "मूळ काठी खोलायची नाही, करारात स्पष्ट आहे!"

"ही मूळ नाई म्हून सकाळपासून तुम्हीच सांगून राह्यले नं? मंग नकलेची पट्टी काहाडाले कायची बंदी?"

खिळा निघाला, पट्टी सरकली. दामिनीबाईंनी काठी उजेडात धरली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

पट्टीखाली, लाकडातून आरपार, एक भोक होतं.

५

"बाकीच्या काठ्यांले हाये का असं?" त्यांनी विचारलं.

मिथुननं आमच्या दोन काठ्यांच्या पट्ट्या सरकवल्या. लाकूड कोरं होतं. असणारच. पट्टीखाली काय आहे हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, मग त्याची नक्कल कशी करणार?

दामिनीबाईंनी भोकात सुई घातली आणि हळूच एक हिरवा धागा बाहेर काढला. नायलॉनचा, जाळ्याच्या दोरीचा.

"आता आयका," त्या म्हणाल्या. त्या आता कोणा एकाशी बोलत नव्हत्या. "चोरासारखा इचार करून पाहा. मले मूळ काठी पळवाची हाये, तिच्या जागी नक्कल ठेवाची हाये. मी तोंड कोरन, ओरखडे पाडन, रंग देईन. पन जे कोनालेच दिसनार नाई, पट्टीखाली झाकून जाईन, असं भोक मी कायले पाडन? तापल्या सळईनं जाळून, आतून गुळगुळीत करून? हे भोक ठकवाले नाई पाडलं. हे वापराले पाडलं. अन् वापरलंबी, दोरी ओवली होती. म्हंजे ही काठी चोरीसाठी केलीच नोती. कोनाच्या तरी हातासाठी केली होती. पट्टी तं मागून बसवली."

"कोणाच्या हातासाठी?" श्रीहरींचा आवाज खाली आला होता.

"काठीले दोरी कोन बांधते? रस्त्यानं चालनारा नाई बांधत. पान्यात उतरनारा बांधते. हातातून सुटली तं वाहून जाऊ नये म्हून मनगटात अडकवते. ढिवराची काठी हाये ही."

कोणीच इस्तारीकडे पाहिलं नाही. सगळ्यांना पाहायचं मात्र होतं.

"अन् सिनेमावाल्यानं मूळ काठीले नेमकी तेथीच पट्टी काऊन मारली? मालगुजाराच्या काठीले ढिवराचं भोक शोभत नाई म्हून. मले वाटते, मूळ काठीले तेथीच भोक हाये. ज्यानं ही केली त्याले पट्टी न काहाडता ते मालूम होतं. तोंडाले माप न लावता तोंड मालूम होतं." त्या थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "इस्तारीभाऊ, तुमचा बाबा दोन सालापासून खाटेवर होता नं? मंग आता तलावावर कसा जाते?"

मला तेव्हा त्या शिंगाड्यांचा अर्थ लागला. सकाळपासून ते खिडकीत पडून होते आणि मी त्यांच्यावर चिडत होतो.

इस्तारीनं हातातली पटाशी खाली ठेवली, धोतराला हात पुसले.

"जीप काहाडा भाऊ," तो मला म्हणाला. "बाबा या येळी पारीवरच राह्यते."

६

जीपमध्ये इस्तारी बोलला. एवढं मी त्याला कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी पंचवीसेक सालाचा होतो. बाबाले अस्वलानं धरलं, मोहफुलं येचताना. एक पाय कामातून गेला. बाबाले लई भेव बसलं, घराबाहेर पडे ना. मी धामनाच्या लाकडाची काठी केली, मुठीले अस्वल कोरलं. म्हटलं, बाबा, ज्यानं तुझा पाय नेला त्याच्या डोस्क्यावर हात ठिवून चाल. बाबा हासला. अन् चालाले लागला. पान्यातबी जाये. मंग शूटिंगवाले आले तलावावर. त्याईले काठी आवडली. एक दिवसासाठी द्या म्हने. बाबानं देली."

पुढचं सांगायची गरज नव्हती. श्रीहरी खिडकीबाहेर पाहत होते.

"तुमी पेटी उघडली भाऊ, अन् आपलीच काठी. पयले म्हटलं, बोलाव. मंग म्हटलं, बोललो तं काम जाईन, कुंताबाईचं, मिथुनचं, तुमचं. म्हून बाबासाठी एक नवी केली. तशीच, भोक पाडून, दोरी ओवून. चोरी नोती कराची मले. बाबानं हात फिरवला अन् बाजूले ठेवली. म्हने, चांगली हाये, पन माही नाई. आता त्याले दिसत नाई, पन हाताले समजते." त्यानं नाक पुसलं. "मंग एक दिवस खरी नेली. फक्त हात लावाले नेली होती. बाबा खाटेवरून उठून उभा राह्यला. मंग कसा आनू वापस? ट्रेतली पट्टी घेतली, तेरावीले मारली, अन् पेटीत ठेवली. माहा गुन्हा हाये. मिथुनले काई म्हनू नका."

तलावाच्या पाळीवर, ज्याला तिकडे पार म्हणतात, मोहाच्या झाडाखाली रामाजी बसले होते. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, अंगावर घोंगडी. बायका पाण्यात शिंगाडे तोडत होत्या आणि ते बसल्या जागेवरून त्यांना कुठं वेल दाट असतो ते ओरडून सांगत होते. उजवा हात अस्वलाच्या डोक्यावर. पट्टी काढलेली, भोकातून हिरवी दोरी, दोरी मनगटात.

"बाबा," इस्तारी म्हणाला, "मुंबईचे साहेब आले हायेत."

"शूटिंगवाले?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "या, या साहेब. बसा. काठी भेटली बरं मले. इस्तारीनं सांगतलं, शूटिंगवाल्यांनी वापस पाठवली म्हून."

श्रीहरींनी इस्तारीकडे पाहिलं. इस्तारी पाण्याकडे पाहत होता.

"मी गावात समद्याईले सांगत होतो," रामाजी म्हणाले. "बोलले हायेत तं देतीन. लोक हासत मले. आता कोनी हासत नाई."

श्रीहरी त्यांच्याजवळ उकिडवे बसले. घोंगडीचा पदर उचलून त्यांनी अंधार केला आणि म्हाताऱ्याच्या बोटांशेजारी, अस्वलाच्या डाव्या कानामागे, निळा दिवा धरला. छोटा हिरवा ठिपका चमकला.

"काय पाह्यता साहेब?"

"काठी नीट पोचली ना, ते पाहतो." त्यांनी दिवा विझवला. "फार उशीर झाला आम्हाला, बाबा."

"झाला थोडा," रामाजी म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखे त्यांनी मनगटातली दोरी सोडवली आणि काठी दोन्ही हातांनी पुढे केली. "अजून काई फोटू काहाडाचे राह्यले असन तं न्या एक दिवस. माही ना नाई. पन सांजेले आनून द्या, मले घरी जा लागते."

दामिनीबाईंनी तोंड फिरवलं. श्रीहरींसमोर त्यांची नोकरी होती, आमचं लायसन्स होतं, आणि शोधत होतो ती काठी आपण होऊन त्यांच्या हातात येत होती.

श्रीहरींनी काठी घेतली. क्षणभर धरली. मग म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन दोरी पुन्हा त्याच्या मनगटात अडकवली.

"शूटिंग संपलं, बाबा," ते म्हणाले.

नंतर मुंबईत बरीच बोलाचाली झाली, म्हणे. श्रीहरींनी काही लपवलं नाही, आणि त्यांची नोकरी बरेच दिवस टांगणीला लागली होती. माझं लायसन्सही. शेवटी निर्मात्याच्या म्हाताऱ्या पत्नींनीच तोंड उघडलं. ती काठी कोणाची होती हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि आठवलेलं त्यांना सुखाचं नव्हतं. बारा काठ्या गेल्या. प्रत्येकीबरोबरच्या कार्डावर आता 'मूळ घडण: इस्तारी रामाजी' असं छापतात. होळीनंतर दुसरं काम आलं. मिथुनची मी माफी मागितली, तरी तो नागपूरला गेलाच. तेरावी काठी, ठसा मारून, वर्कशॉपच्या भिंतीवर आहे.

रामाजी आणखी एक शिंगाड्याचा हंगाम पाहून गेले. त्यांच्याकडे माणसाची काठी माणसाबरोबर जाते.

अजूनही कधीतरी एखाद्या हौशी गिऱ्हाइकाचा फोन येतो. नक्कल छान आहे म्हणतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, मूळ काठी कुठं आहे, मिळेल का?

मी सांगतो, "नाई मिळनार साहेब. थे शूटिंगवाल्यांनी ज्याची त्याले वापस केली."